गिटारच्या बाइंडिंगची खाच: स्वस्त जोडसामान वापरताना या चुका टाळा

टॉप आणि बॅक चिकटवून झाले, बॉडी जवळपास तयार झाली, आणि आता बाइंडिंगची, म्हणजे बॉडीच्या कडेभोवती बसवायच्या पट्टीची, खाच पाडायला मिनिटाला तीस हजार फेरे घेणारं पातं तिच्या कडेला लावायचं. या टप्प्यावर भल्याभल्यांचा हात आखडतो. बाइंडिंगसाठीचा तयार जिग (ट्रिमर सरळ धरून ठेवणारा साचा) परदेशातून मागवायचा तर खिशाला जड जातो. पण लॅमिनेट ट्रिमर (हातात मावणारं छोटं राउटर यंत्र), एक रॅबेट बिट (कडेला पायरीसारखी खाच पाडणारं पातं, टोकाला साइडवर टेकून फिरणारं बेअरिंग), दोन-तीन बेअरिंगं आणि ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल एवढ्यातही काम चोख होतं. खालची मापं स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारची आहेत: स्प्रूसचा टॉप, शिसवीच्या २ मिमी साइड, १.५ मिमी जाड आणि ६ मिमी उंच बाइंडिंग.

बेअरिंगच्या गणितात दोननं भागायचं राहतं

खाच किती आत जाणार? पात्याच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करा आणि उत्तर निम्मं करा. पातं पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी, आणि बेअरिंग १६ मिमी असेल तर खाच साधारण १.५२ मिमी. हे निम्मं करायचं विसरलात तर हवी त्याच्या अर्धीच खाच पडते.

रॅबेट बिटचा महागडा संच घेण्याची गरज नाही. ६२५ नंबरचं बेअरिंग (भोक ५, बाहेरून १६ मिमी) कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ६०५ बाहेरून १४ मिमीचं, त्यानं २.५२ मिमी खाच पडते. ६९५ हे १३ मिमीचं, त्याची खाच ३.०२ मिमी, म्हणजे बाइंडिंग अधिक दीड मिमीची परफ्लिंग (बाइंडिंगच्या आत बसणारी नक्षीची बारीक पट्टी). मात्र आधी बिटच्या टोकाची पिन व्हर्नियरनं मोजा. बऱ्याच बिटची पिन ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमी असते. तिच्यावर ५ मिमी भोकाचं बेअरिंग बसतं खरं, पण डगमगतं आणि खाचेची भिंत लाटांसारखी येते. धार लावून आणलेल्या बिटचा व्यासही कमी झालेला असतो, तेव्हा छापील मापावर विसंबू नका.

खाच बाइंडिंगपेक्षा दहावा हिस्सा मिमी उथळ हवी. मग बाइंडिंग किंचित बाहेर राहतं आणि स्क्रेपरनं साइडच्या पातळीला आणता येतं. उलट झालं, म्हणजे खाच खोल गेली, तर सगळी साइड खरवडावी लागते आणि मुळात ती २ मिमीचीच असते. थोडं कमी करायचं असेल तर बेअरिंगभोवती टेपचा एक वेढा द्या: टेप ०.१ मिमी जाड असेल तर खाच ०.१ मिमीनंच घटते. टेप लवकर झिजते, त्यामुळे हा उपाय एका गिटारपुरताच.

६ मिमीचा बिट पाव इंची कॉलेटमध्ये

पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. त्या कॉलेटमध्ये (ट्रिमरच्या बिट पकडणाऱ्या चिमट्यात) ६ मिमीचा शँक (बिटचा दांडा) कितीही आवळला तरी चालू कामात घसरतो, बिट खाली उतरतो आणि खाच मध्येच खोल होते. ट्रिमरसोबत दोन्ही कॉलेट आले असतील तर शँकच्या मापाचाच लावा.

सपाट बेस, फुगीर बॅक

सगळ्यात जास्त गिटारी इथे बिघडतात. बॅकला साधारण १५ फूट त्रिज्येचा फुगवटा असतो. ४०० मिमी रुंदीच्या जागी कडेला तो सुमारे अडीच अंशांनी उतरतो. ट्रिमरचा सपाट बेस त्यावर टेकवलात की बिटही अडीच अंश कलतो आणि ६ मिमी उंचीत पाव मिमीचा फरक पडतो. दीड मिमीच्या बाइंडिंगला पाव मिमी म्हणजे डोळ्यांना दिसणारी फट.

उपाय असा: ६ मिमी अॅक्रिलिकची एक कडी कापा, आतला व्यास २२ आणि बाहेरचा ३५ मिमी, आणि ती बेसखाली बिटभोवती चिकटवा. आता टेकते फक्त कडेजवळची पट्टी. पण नुसत्या कडीवर हातात धरलेला ट्रिमर डुगडुगतो, म्हणून तो उभ्या फळीवर, टेलिस्कोपिक चॅनेलवर बसवायचा, म्हणजे सरळ वर-खाली सरकतो. चॅनेल दोन लावा, एकमेकांपासून १०० मिमी अंतरावर. एकाच चॅनेलला आडवा हेलकावा फार. ट्रिमरचं वजन मऊ स्प्रूसवर वळ उठवतं. पुलीवरून दोरी घेऊन दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली टांगा आणि कडीवर पाव किलोच्या आसपास भार उरेल इतपत पाणी भरा. बॉडी पाळण्यात (तिला धरून सरकणाऱ्या चौकटीत) बसवून साइड काटकोनात उभी आहे का, हे गुण्या लावून निदान आठ जागी तपासा.

ढलपी उडते ती दिशेमुळे

पात्याचं फिरणं एकाच दिशेनं असतं, लाकडाच्या रेषा मात्र कडेच्या वळणाप्रमाणे कधी आत तर कधी बाहेर निघतात. नियम एकच: रुंद जागेकडून अरुंद जागेकडे. मान तुमच्यापासून लांब ठेवून वरून पाहिलं तर उजवीकडे खालच्या फुगवट्यापासून कंबरेकडे आणि वरच्या फुगवट्यापासून मानेकडे. डावीकडे वरच्या फुगवट्यापासून कंबरेकडे आणि खालच्या फुगवट्यापासून शेपटाकडे (मानेच्या विरुद्ध टोकाकडे). या चार तुकड्यांत ट्रिमर नेहमीसारखा चालतो. उरलेल्या चार तुकड्यांतही रुंदाकडून अरुंदाकडेच जायचं, पण तिथे पातं ट्रिमरला पुढे ओढतं. घट्ट धरा आणि एकदम न कापता तीन-चार हलक्या फेऱ्यांत खाच पूर्ण करा.

या सगळ्या दिशा ट्रिमरच्या आहेत. वर सांगितलेल्या फळीच्या जिगमध्ये ट्रिमर फक्त वर-खाली होतो, कडेनं गिटार सरकते, त्यामुळे हाताची हालचाल बरोबर उलटी होते. बॉडीवर पेन्सिलीनं बाण काढून ठेवलेले बरे.

कापण्याआधी कडेला पातळ चपडा लाखेचा हात मारा, स्प्रूसचे तंतू धरून राहतात. शिसवीचा लाल भुसा स्प्रूसवर डाग पाडतो, तोही त्यानं अडतो. ढलपी उडालीच तर थांबा, ती शोधा, सुपरग्लूनं जागच्या जागी चिकटवा आणि मगच पुढे सरका.

आणखी काही

परफ्लिंगची जास्त आत जाणारी, पण उंचीला कमी खाच आधी; बाइंडिंगची उंच खाच नंतर. उलट क्रम केला तर परफ्लिंगच्या वेळी बेअरिंग साइडऐवजी कापलेल्या खाचेत शिरतं.

साइडवर सुकलेला सरसाचा एक थेंब राहिला तर बेअरिंग त्यावर चढतं आणि तेवढ्या जागी खाच उथळ राहते. बोट फिरवून शोधा, खरवडून काढा. कंबरेत खाच अरुंद आली असेल तर बेअरिंग साइडला टेकलंच नाही असं समजा. भरपाई करत बसू नका, तीच फेरी पुन्हा मारा.

मानेच्या सांध्याची खाच उघडी असेल तर बेअरिंग तिच्यात पडतं आणि पातं थेट टॉपमध्ये घुसतं. तिथे आधी लाकडाचा ठोकळा घट्ट ठोका आणि साइडच्या पातळीला आणा.

साइडवर काळा पट्टा उमटला तर बेअरिंग अडकलंय. भुसा आणि लाख आत जाऊन ते जाम होतं. नवं टाका.