अमेरिकी शहरांच्या गुन्हेगारीची तुलना करताना या चुका टाळा

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकी विद्यापीठांची प्रवेशपत्रे हाती आली की अनेक मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘ते शहर सुरक्षित आहे ना?’ मग कोणीतरी मोबाइलवर ‘सर्वांत धोकादायक दहा शहरे’ अशी एखादी यादी शोधतो, तीत बाल्टिमोर, मेम्फिस किंवा सेंट लुईस हे नाव सापडते आणि घरातले वातावरण बदलते. ही काळजी रास्त आहे. मात्र ती ज्या आकड्यांवर उभी राहते, ते आकडे बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने वाचलेले असतात. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या ज्या आकडेवारीवरून अशा बहुतेक याद्या तयार होतात, ती संस्थाच शहरांची अशी क्रमवारी लावू नये असे बजावत आली आहे. यादीच्या खाली ही सूचना क्वचितच छापली जाते.

पहिली चूक अगदी साधी असून ती चटकन दुरुस्त करता येते. शिकागोत 2024 मध्ये 573 खून झाले आणि सेंट लुईसमध्ये 150. नुसते आकडे पाहिले तर शिकागो चौपट भयंकर वाटते. पण शिकागोची लोकसंख्या सुमारे 27 लाख आहे आणि सेंट लुईसची सुमारे 2 लाख 80 हजार. दर लाख लोकसंख्येमागे हिशेब केला, तर शिकागोचे प्रमाण 21 च्या आसपास येते आणि सेंट लुईसचे 50 च्या पुढे जाते. ज्या बातमीत केवळ एकूण संख्या दिलेली असते, तिच्यावरून दोन शहरांची तुलना करू नये.

शहराची हद्द न पाहणे

दर काढला म्हणजे तुलना पक्की झाली, असे समजणे ही दुसरी चूक. माझ्या मते सगळ्या चुकांत हीच सर्वांत मोठी आहे, कारण ती आकडे काळजीपूर्वक वाचणाऱ्यांच्याही हातून होते.

सेंट लुईस शहर 1876 साली मतदान होऊन आपल्या काउंटीपासून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) वेगळे झाले आणि त्याची हद्द तेव्हापासून गोठलेली आहे. क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस किलोमीटर. 1950 मध्ये या हद्दीत साडेआठ लाखांहून अधिक लोक राहत होते. पुढे सुस्थितीतील कुटुंबे हद्दीबाहेरच्या उपनगरांत गेली आणि आत 3 लाखांहून कमी लोक उरले. शेजारच्या सेंट लुईस काउंटीत आज सुमारे 10 लाख लोक राहतात, पण शहराच्या दरात त्यांची गणना होत नाही. ही माणसे कामाला, सामना पाहायला किंवा रुग्णालयात शहरात येतात, तेथे त्यांच्या बाबतीत गुन्हा घडला तर तो शहराच्या नावावर चढतो, आणि दर काढताना भागायचे मात्र फक्त शहरातल्या रहिवाशांच्या संख्येने. बाल्टिमोरही 1851 पासून असेच काउंटीबाहेरचे स्वतंत्र शहर आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलचे आहे. तेथे 1968 मध्ये शहर आणि डुव्हाल काउंटी यांचा कारभार एकत्र करण्यात आला, त्यामुळे शांत उपनगरी वस्त्याही शहराच्या सरासरीत मोजल्या जातात. ह्यूस्टनचे क्षेत्रफळ सेंट लुईसच्या दहापट आहे. दाट वस्तीचा जुना गाभा आणि विस्तीर्ण निवासी पट्टे एकाच हद्दीत असलेले शहर, आणि केवळ गाभाच हद्दीत उरलेले शहर, यांना एकाच ओळीत बसवले की यादीत गुन्हेगारीइतकीच जुनी सीमारेषाही मोजली जाते. म्हणून ज्या शहराचा दर फार चढा दिसतो, त्याचे क्षेत्रफळ आणि आजूबाजूच्या महानगर प्रदेशाची लोकसंख्या आधी पाहावी. दोन पूर्ण महानगर प्रदेशांचे आकडे मिळत असतील, तर तुलना त्यांच्यातच करावी.

हद्दीचा घोळ पत्त्यातही होतो. ‘आम्ही शिकागोला असतो’ असे सांगणारी अनेक मराठी कुटुंबे प्रत्यक्षात नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग येथे राहतात. ही स्वतंत्र शहरे आहेत आणि त्यांची पोलिसदलेही स्वतंत्र आहेत. डॅलसचे नाव धारण करणारे टेक्सास विद्यापीठ रिचर्डसन येथे आहे. तेव्हा प्रवेशपत्रावरील शहराचे नाव गृहीत धरू नये. पत्ता नकाशावर टाकून तो कोणत्या पोलिसांच्या हद्दीत येतो ते पाहावे.

लौकिकालाच पुरावा मानणे

शहराचा लौकिक आणि तेथील आजची परिस्थिती यांत किती अंतर असू शकते, हे गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत स्वच्छ दिसले. डॅलस राहण्यास किंवा भेट देण्यास सुरक्षित आहे असे 74 टक्के अमेरिकनांना वाटत होते, न्यूयॉर्कबद्दल तसे वाटणारे केवळ 41 टक्के होते. त्याच वर्षी सुमारे 88 लाख वस्तीच्या न्यूयॉर्कमध्ये चारशेहून थोडे कमी खून झाले आणि 13 लाख वस्तीच्या डॅलसमध्ये अडीचशेच्या आसपास. म्हणजे खुनांचे प्रमाण डॅलसमध्ये सुमारे चौपट होते. त्या पाहणीत राजकीय पक्षानुसारही उत्तरे बदलत होती, हे विशेष.

न्यूयॉर्कची ही प्रतिमा जुन्या काळातली आहे. 1975 मध्ये नोकरकपातीच्या धास्तीने पोलिसांच्या संघटनांनी शहरात येणाऱ्या पर्यटकांसाठी एक पत्रक काढले होते. त्याच्या मुखपृष्ठावर मानवी कवटी होती आणि आत संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर राहू नका, सार्वजनिक वाहनांनी जाऊ नका, असे सल्ले होते. 1990 मध्ये तेथे 2,245 खून झाले, तेव्हा भीतीला भक्कम आधारही होता. त्यानंतर शहर बदलले, पण मनातले चित्र तेच राहिले. मात्र लौकिक नेहमीच खोटा असतो, असेही मानू नये. त्याच पाहणीत तळाला असलेल्या डेट्रॉइटमध्ये 2023 साली 252 खून झाले. 1966 नंतरचा हा सर्वांत कमी आकडा होता, तरीही दर लाखामागे प्रमाण 39 च्या पुढेच होते.

याच कारणाने लोकांना ‘तुम्हाला किती सुरक्षित वाटते?’ असे विचारून संकेतस्थळांवर तयार केलेले निर्देशांक पोलिसी आकड्यांच्या जागी वापरू नयेत.

आकडे जुळत नसतील तर

प्रथम वर्ष तपासावे. 2020 मध्ये देशभर खुनांत सुमारे 30 टक्के वाढ झाली. एका वर्षातली एवढी वाढ त्याआधी कधी नोंदली गेली नव्हती. फिलाडेल्फियात 2021 मध्ये 562 खून झाले, 2024 मध्ये 269. बाल्टिमोरमध्ये 2015 पासून 2022 पर्यंत दरवर्षी तीनशेहून अधिक खून होत होते, 2024 मध्ये ते 201 वर आले. तीन वर्षांपूर्वीची यादी आज वाचणे म्हणजे या शहरांबद्दल जवळजवळ दुसऱ्याच शहराची माहिती वाचण्यासारखे आहे.

2021 च्या आकड्यांबाबत तर दुप्पट सावध राहावे. त्या वर्षी एफबीआयने नोंदणीची नवी पद्धत सक्तीची केली, आणि न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस यांच्यासह अनेक पोलिसदलांचे आकडे त्यात आलेच नाहीत. त्या वर्षीच्या यादीत एखादे मोठे शहर नसेल, तर ते सुरक्षित असल्याचा तो पुरावा नव्हे.

एकाच वर्षाचे दोन आकडे समोर आले, तर मोजणारे कोण आहे ते पाहावे. एफबीआयच्या खुनांच्या गणनेत स्वसंरक्षणार्थ झालेले, कायद्याने समर्थनीय ठरलेले मृत्यू येत नाहीत. मृत्यूचे कारण ठरवणारे काउंटीचे वैद्यकीय परीक्षक मात्र दुसऱ्याच्या हातून झालेला प्रत्येक मृत्यू मनुष्यवध म्हणून नोंदवतात. शिकागोतून जाणाऱ्या द्रुतगती महामार्गांवरचे खून राज्य पोलिसांकडे जातात आणि शहर पोलिसांच्या आकड्यात दिसत नाहीत.

खून सोडून इतर गुन्ह्यांच्या दरांवरून शहरे ताडून पाहताना आणखी जपावे लागते. 1973 पासून चालत आलेली राष्ट्रीय पाहणी, तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का, असे थेट कुटुंबांना विचारते, आणि तीत दिसते की अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून कमी हिंसक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचले आहेत. जेथे तक्रार करणे सोपे आणि पोलिसांवर विश्वास जास्त, तेथे नोंदी वाढतात आणि शहर वाईट दिसते. खून सहसा लपत नाही, विमा मिळवण्यासाठी वाहनचोरीची तक्रार करावीच लागते. म्हणून हे दोन आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे. घरफोडी (बर्ग्लरी) आणि जबरी चोरी (रॉबरी) हे दोन वेगळे गुन्हे आहेत, हेही मराठीत वाचताना विसरू नये.

विद्यापीठाचा अहवाल अपुरा वाचणे

1990 च्या क्लेरी कायद्यानुसार विद्यापीठांना दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. तो जरूर वाचावा, पण त्यात विद्यापीठाच्या ताब्यातील जागा आणि परिसराला लागून असलेले सार्वजनिक रस्ते एवढेच येते. आपली मुले बहुधा तिघे-चौघे मिळून बाहेर भाड्याने घर घेतात. तेथे झालेली घरफोडी या अहवालात दिसणार नाही.

त्यासाठी शहराची खुली गुन्हेनोंद पाहावी. शिकागोच्या नोंदीत 2001 पासूनचे गुन्हे एकेका ओळीत आहेत : तारीख आणि वेळ, गुन्ह्याचा प्रकार, घटना रस्त्यावर घडली की घरात, अटक झाली की नाही, आणि पत्ता. घरक्रमांकाचे शेवटचे दोन अंक झाकलेले असतात, त्यामुळे नेमके घर कळत नाही, पण कोणत्या रस्त्याचा कोणता भाग ते कळते. चोरी 500 डॉलरपर्यंतची की त्यावरची, हेही लिहिलेले असते. अगदी ताजे सात दिवस नोंदीत नसतात, म्हणून मागच्या आठवड्यात काहीच घडले नाही असा अर्थ काढू नये. ज्या रस्त्यावर घर पाहिले आहे तेवढाच भाग निवडावा, पूर्ण एक वर्ष घ्यावे आणि वेळेचा रकाना लावून वाचावे. गुन्हे दुपारचे आहेत की मुले प्रयोगशाळेतून परतात त्या रात्री दहा-अकराच्या सुमाराचे, ते तेथेच दिसते.