दवाखान्यात आजी-आजोबा भांबावतात तेव्हा

मी वृद्धांच्या वॉर्डात सिस्टर आहे. रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांकडून एक वाक्य रोज कानावर पडतं: ‘वय झालंय हो, त्यामुळे असं बरळतात.’ जे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी वाट बघत असते, ते मात्र फार थोडे जण बोलतात: ‘सिस्टर, कालपर्यंत असं नव्हतं.’ तुमच्या घरचं वयस्कर माणूस ॲडमिट झालं असेल, त्यांना आधीपासून विसर पडत असेल किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं असेल, आणि जवळ तुम्ही राहणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो. आज तारीख सांगणारं माणूस उद्या सकाळी स्वतःच्या लेकीला ओळखेनासं होतं, असं त्यात सहसा होत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला, तर तो बहुतेक वेळा डिलिरियम असतो. ती मेंदूवर आलेली तातडीची अवस्था आहे आणि तिचं कारण शरीरात कुठेतरी असतं: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम घसरणं, ऑक्सिजन कमी पडणं, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, न सांगता येणारं दुखणं, नवीन सुरू झालेलं औषध. वृद्धांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. कधी कधी गोंधळ हीच पहिली खूण असते. स्मृतिभ्रंश असलेल्यांना डिलिरियम होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि नेमका त्यांच्यातच तो ‘जुनंच आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

डिलिरियम दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. सकाळी राउंडला डॉक्टर येतात तेव्हा आजोबा नीट बोलतात आणि दिवेलागणीला भिंतीवर माणसं दिसतात म्हणून ओरडतात. डॉक्टर बघतात सकाळचं, तुम्ही बघता रात्रीचं. म्हणून एका वहीत वेळ टाकून लिहून ठेवा: किती वाजता काय बोलले, कधी झोपले, काय खाल्लं, लघवी-संडास कधी झालं. राउंडला ती वही पुढे करा.

आम्ही डिलिरियम ओळखायला ‘फोर ए टी’ नावाची चाचणी करतो, दोनेक मिनिटांची. रुग्ण किती जागा आहे, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल सांगतो का, वर्षाचे महिने उलटे म्हणतो का, आणि चौथा प्रश्न, हा बदल अचानक झालाय का किंवा कमी-जास्त होतोय का. एकूण ४ किंवा त्याहून जास्त गुण आले की डिलिरियमची शक्यता धरायची. त्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या एकट्यालाच ४ गुण आहेत. आणि ते उत्तर रुग्णाच्या डोळ्यांत टॉर्च मारून मिळत नाही, तुम्हालाच विचारावं लागतं. विचारलं नाही तर आपणहून सांगा.

डिलिरियमचा एक प्रकार आरडाओरड्याचा, तो कुणाच्याही लक्षात येतो. दुसरा गप्प बसण्याचा. माणूस नुसता पडून राहतो, हाक मारली तर उशिरा ‘हं’ म्हणतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. ‘आज शांत आहेत, बरं वाटतंय वाटतं,’ असं म्हणून घरचे निश्चिंत होतात. मला या शांत पलंगाची काळजी जास्त वाटते. नेहमी बोलणारं माणूस अचानक गप्प झालं तर तेही सिस्टरला लगेच सांगा.

पहिल्या दिवशी एक कागद

ॲडमिट झाल्या दिवशी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवायची परवानगी घ्या. कुठल्या हाकेला ओ देतात, कुठली भाषा सहज बोलतात, कुठल्या कानाने ऐकू येतं, उजवा हात वापरतात की डावा, लघवीला लागल्यावर काय म्हणतात किंवा काय करतात, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, पूर्वी काय काम करायचे. ब्रिटनच्या अल्झायमर्स सोसायटीने ‘धिस इज मी’ नावाचा फॉर्मच यासाठी तयार केला आहे. तुम्हाला फॉर्मची गरज नाही, वहीचं पान पुरेल.

‘पूर्वीचं काम’ हा तपशील लोक अनावश्यक समजून गाळतात. आमच्याकडे एक आजोबा होते. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास पलंगावरून उतरायला बघायचे आणि एकच धोशा लावायचे, ‘भरणा करायचाय, भरणा राहिलाय.’ सगळ्यांना वाटायचं दवाखान्याच्या बिलाची काळजी लागली आहे. त्यामुळे प्रत्येक जण समजावायचा, ‘आजोबा, बिल मुलाने भरलंय.’ ते आणखीच चिडायचे. मुलगी आली तेव्हा कळलं, आजोबा बसकंडक्टर होते, ड्युटी संपली की दिवसाची रोकड मोजून डेपोत भरायची. मग सहा वाजायच्या आत आम्ही त्यांच्या हातात एक कोरं रजिस्टर आणि पेन्सिल द्यायला लागलो. ते चष्मा लावून आकडे मांडायचे, खाली सही करायचे, ‘झाला भरणा’ म्हणून रजिस्टर माझ्याकडे द्यायचे आणि पाय वर घ्यायचे. त्यांचे पाय लटपटत होते, एकटे उतरले असते तर पडलेच असते.

चष्मा, कानाचं यंत्र, कवळी

या तीन वस्तू घरी ठेवू नका. ‘हरवतील’ म्हणून लोक मुद्दाम घरी ठेवतात आणि मग ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही अशा माणसाकडून आपण शहाण्या उत्तरांची अपेक्षा करतो. प्रत्येक वस्तूच्या डबीवर नाव आणि पलंगाचा नंबर लिहून पट्टी लावा. सीटी स्कॅनला किंवा ऑपरेशनला नेताना त्या काढतात, तेव्हा स्वतःच्या ताब्यात घ्या आणि रुग्ण परत आला की आधी चष्मा लावा, मग बोला. यंत्राची जादा बॅटरी जवळ ठेवा. यंत्र लावूनही ऐकू येत नसेल तर कानात मळ आहे का बघायला सांगा.

बोलताना समोरून जा, खुर्चीवर बसून त्यांच्या नजरेच्या पातळीत या. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, त्यांना उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. ‘मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नका. प्रत्येक येणारा पाहुणा ती घेतो, आणि प्रत्येक वेळी आजींचा चेहरा उतरतो. ‘आजी, मी तुमची धाकटी सून, आता तोंड पुसते हं,’ असं आपणच सांगून टाकावं. केव्हाच गेलेली आई हवी म्हणून रडू लागल्या तर ‘ती वारली ना’ म्हणून त्यांना पुन्हा ते दुःख देऊ नका. खोटंही बोलू नका. ‘आईची आठवण येतेय ना? काय करायची हो तुमची आई?’ म्हणा आणि ऐका.

मारतात, ओरबाडतात तेव्हा

आधी दुखतंय का ते शोधा. ज्यांना सांगता येत नाही त्यांचं दुखणं मोजायला आम्ही पाच गोष्टी बघतो: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाचा ताठरपणा किंवा चुळबुळ, आणि समजावल्यावर शांत होतात का. तुम्हीही एवढं बघू शकता, विशेषतः कूस बदलताना आणि अंग पुसताना. एक आजी डाव्या कुशीवर वळवलं की चावायला यायच्या. सुनेने सांगितलं की घरीही जिना उतरताना त्या डावा खांदा धरून उतरत. डॉक्टरांनी खांदा तपासला, वळवण्याच्या तासभर आधी पॅरासिटामॉल देण्याचं लिहून दिलं, आणि आम्ही त्यांना त्या खांद्याखाली उशी घेऊन वळवू लागलो. चावणं थांबलं.

मग बाकीचं तपासा: ओटीपोट टम्म आहे का, संडास किती दिवसांत झालेली नाही, तहान लागली आहे का, थंडी वाजते का.

हात बांधणं हा उपाय नव्हे. बांधलेलं माणूस जास्त घाबरतं, जास्त ओढतं, डिलिरियम वाढतो, कातडी सोलते. सलाईनची सुई ओढत असतील तर त्यावर बँडेज गुंडाळून लांब बाहीखाली झाका, दिसली नाही की हात जात नाही. दुसऱ्या हातात घडी घालायला रुमाल द्या. आणि रोज राउंडला विचारा, ‘ही लघवीची नळी आज काढता येईल का?’ नळीने संसर्ग होतो आणि माणूस पलंगाला जखडतो. कुणी विचारलं नाही की ती नुसती राहून जाते.

औषधं

घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून आणा, दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्यासुद्धा. सर्दी-खाज यांच्यावरच्या क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन, लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, ही औषधं वृद्धांच्या मेंदूला गोंधळात टाकतात. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या रोज घेत असतील, दारू रोजची असेल, तर लाज न बाळगता सांगा, कारण त्या अचानक बंद झाल्या तरी डिलिरियम होतो. लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल तर ते केसपेपरवर ठळक लिहून घ्या. रात्री शांत करायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल या रुग्णांना गंभीर अपाय करू शकतं.

‘रात्रभर जागतात, झोपेची गोळी द्या ना,’ ही विनंती मी रोज ऐकते आणि तुमचा थकवा मला दिसतो. पण त्या गोळीनंतर ते पडतात, दुसऱ्या दिवशी गुंगीत राहतात आणि रात्री पुन्हा जागे. गोळीआधी दिवस-रात्रीची घडी बसवून बघा. दिवसा पडदे उघडे, खुर्चीत बसवणं, डुलकी थोडकी. समोर मोठं घड्याळ आणि आजची तारीख. रात्री दिवे मंद, मोबाइल बंद, पाठीवरून हलका हात. पहाटेचं बीपी खरंच लागतंय का, सकाळच्या औषधासोबत घेतलं तर चालेल का, हे विचारायला हरकत नाही.

या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात डॉ. शेरॉन इनौये यांनी ७० वर्षांपुढच्या ८५२ रुग्णांवर अभ्यास केला, १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. वेळ-ठिकाणाची आठवण करून देणं, औषधाविना झोप, चालणं, चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, एवढ्यावर भर दिला तेव्हा डिलिरियम ९.९ टक्के रुग्णांना झाला, नेहमीच्या देखभालीत १५ टक्के रुग्णांना. डिलिरियम एकदा सुरू झाल्यावर याच गोष्टींचा तेवढा उपयोग दिसला नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून करा.

उठवा, चालवा, भरवा

२००७ सालच्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस पलंगावर ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांचं स्नायूंचं वजन सरासरी जवळजवळ १ किलोने उतरलं. आजारी माणसाचं काय होत असेल! डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्रत्येक जेवणाला खुर्चीत बसवा. जागे असताना दर दोन तासांनी ‘चला, बाथरूमला जाऊन येऊ’ म्हणून आधार देऊन न्या. ‘लागली का?’ विचारू नका, ‘नाही’च म्हणतात आणि मग एकटे उठतात.

भरवताना ताठ बसवा, लहान घास, आधीचा गिळला की पुढचा. चमचा त्यांच्याच हातात देऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरला तर पुष्कळजण स्वतः खातात. खाताना ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घरघरता आला तर थांबा आणि सिस्टरला बोलवा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी मागतील याची वाट बघू नका, दर थोड्या वेळाने दोन घोट द्या (पाण्यावर मर्यादा आहे का, ते आधी विचारून घ्या).

जवळ राहणारी माणसं शक्यतो तीच दोन-तीन ठेवा आणि एकमेकांना वही वाचून दाखवून मगच जा. रात्र जागलेल्याने दिवसा घरी जाऊन झोपायचंच.

घरी नेताना

दवाखाना सुटला तरी डिलिरियम कधी कधी काही आठवडे, क्वचित महिने रेंगाळतो. त्या काळातल्या अवस्थेवरून ‘आता हे असेच राहणार’ असं ठरवू नका, घर-जमिनीचे कागद पुढे करू नका, सह्या घेऊ नका. कुठली गोळी नवीन सुरू केली, कुठली बंद केली आणि नवीन गोळी कधी थांबवायची, हे लेखी घ्या. दवाखान्यात तेवढ्यापुरती सुरू केलेली शांत करायची गोळी घरी वर्षभर चालू राहिलेली मी पाहिली आहे. डिस्चार्ज कार्डवर ‘डिलिरियम झाला होता’ हे शब्द लिहून घ्या, कारण एकदा झाला की पुढच्या आजारात पुन्हा होण्याची शक्यता जास्त. पुढे कधी मोतीबिंदूचं, खुब्याचं, कुठलंही ऑपरेशन ठरलं तर ते कार्ड भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच दाखवा.