पीटीईचं रीड अलाउड: घरी मोठ्यानं वाचायची सवय कशी लावायची

पीटीई म्हणजे कॉम्प्युटरवर द्यायची इंग्रजीची परीक्षा, आणि रीड अलाउड हा तिच्यातला मोठ्यानं वाचायचा प्रश्न. त्यात स्क्रीनवर साधारण 60 शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा येतो, बघून घ्यायला 30-40 सेकंद मिळतात आणि बीप झाली की लगेच सुरू करायचं, कारण 3 सेकंद गप्प बसलात की माईक बंद, परत चान्स नाही.

तयारीच्या वेळेत मनात वाचू नका, ओठ हलवून पुटपुटत वाचा आणि श्वास कुठं घ्यायचा ते ठरवून टाका. अडखळलात तर मागं जाऊन दुरुस्त करत बसू नका, पुढं चला. मी आधी प्रत्येक चूक परत वाचायचो, त्यानंच फ्लुएन्सीची, म्हणजे न अडखळता बोलण्याची, वाट लागत होती.

आपला खरा घोळ उच्चारात असतो. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत आणि ‘वेल’ (well) ला ओठ गोल, दात लावायचेच नाहीत, आरशासमोर बघा लगेच कळतंय. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, पण ‘फटॉग्रफी’मध्ये तो ‘टॉ’वर सरकतो, हे मला कुणी शाळेत सांगितलंच नव्हतं राव.

रोज मोबाईलवर चारपाच उतारे रेकॉर्ड करा, ऐका, स्वतःचा आवाज पहिल्यांदा लय बेकार वाटतो, चालायचंच. आणि शांत खोली शोधू नका. परीक्षेच्या सेंटरवर आजूबाजूचे सगळे एकदमच बोलत असतात. आमच्या सोलापुरात शेजारी यंत्रमाग खडखडत असला की तीच प्रॅक्टिसची बेस्ट वेळ, फक्त त्याच्यावर ओरडू नका, नेहमीच्याच आवाजात वाचा.