रीलोडिंगची सुरुवात रिकाम्या पुंगळ्यांपासून

अमेरिकेत पिस्तूल नेमबाजी करणारे बरेच जण काडतुसं घरी पुन्हा भरतात. त्यालाच रीलोडिंग म्हणतात. नवखा माणूस आधी प्रेसची, म्हणजे काडतूस भरायच्या यंत्राची, किंमत विचारतो. आमचं ऐकाल तर पहिले काही आठवडे फक्त रिकाम्या पुंगळ्यांवर घालवा. पुंगळी, प्रायमर (तळाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू) आणि गोळी या चार भागांपैकी पुन्हा वापरात येते ती एकटी पुंगळी. खराब पुंगळी पुढे गेली, तर नंतर कितीही जपून काम केलं तरी उपयोग नाही. पावडरचं प्रमाण छापील लोड मॅन्युअलमधून आणि जाणकाराच्या शेजारी बसूनच शिकायचं, तो विषय इथे घेतलेला नाही.

सुरुवातीला .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस निवडा. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या जमिनीवर उडत नाहीत, हातात पडतात, त्यामुळे कोणती किती वेळा वापरली याचा हिशेब राहतो. दाबही कमी असतो. या काडतुसाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), तर ९ एमएमची ३५,००० आहे. साहजिकच पितळ जास्त टिकतं. रेंजवर पडलेल्या पुंगळ्या उचलायच्या असतील तर आधी विचारा. काही रेंज त्या स्वतःकडे ठेवतात.

घरी आणल्यावर पहिलं काम निवडण्याचं. टेबलावर पांढरा कागद पसरा, हातमोजे घाला आणि एकेक पुंगळी तळाकडून बघा. न उडालेलं काडतूस सापडलं तर ते लगेच बाजूला काढा आणि रेंजच्या अधिकाऱ्याकडे द्या. ते साफसफाईच्या यंत्रात कधीही जाता कामा नये. मग चुंबक फिरवा. पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी पुंगळ्या डोळ्यांना फसवतात, चुंबकाला नाही. ॲल्युमिनियमच्याही काढून टाका.

आता आकार. ९ एमएमची पुंगळी सुमारे १९.१ मिलिमीटर लांब असते आणि .३८० एसीपीची सुमारे १७.३. दोन्ही तोंडाकडून जवळपास सारख्याच दिसतात, म्हणून व्हर्निअर कॅलिपर हवाच. .३८ स्पेशल २९.३ आणि .३५७ मॅग्नम ३२.८ मिलिमीटर. .४५ एसीपीमध्ये आणखी एक गंमत आहे: काहींना मोठा प्रायमर लागतो, काहींना छोटा. त्यांचे दोन वेगळे डबे करा, नाहीतर पुढे प्रेस मध्येच अडेल. पुंगळ्या एकमेकींत अडकून बसतात हेही लक्षात ठेवा. ९ एमएम .४० मध्ये शिरते आणि ती जोडी .४५ मध्ये. अशा अडकलेल्या जोड्या आतून धुतल्याच जात नाहीत.

तपासणीला वेळ द्या, घाई केली तर फसाल. टॉर्च आत मारा. तळाला मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, ठेवायची. दोन बारीक छिद्रं असतील तर बर्डन, टाकायची. काही पुंगळ्यांच्या आत भिंतीवर चक्क पायरी दिसते, खालचा भाग जाड आणि वरचा पातळ. त्यामुळे आतली जागा कमी होते आणि नेमक्या त्या पायरीवर पुंगळी तुटू शकते. त्या बाद. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवा: चांगल्या पितळेचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेली असेल तर मधूनच बोदा. तोंडापाशी उभी चीर, तळाजवळ फुगवटा किंवा घडी, प्रायमरभोवती काळा ओघळ, यांतलं काहीही दिसलं तर ती पुंगळी भंगारात. पक्कडीने चेपून टाका, म्हणजे पुन्हा चुकून डब्यात जाणार नाही.

साफ करायच्या दोन पद्धती आहेत. कोरड्या पद्धतीत अक्रोडाच्या टरफलाचा भुगा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घालून व्हायब्रेटर दोनेक तास चालवतात. ओल्या पद्धतीत फिरत्या ड्रममध्ये स्टीलच्या बारीक सुया, पाणी आणि साबण. ७ किलोच्या आसपास भार घेणाऱ्या ड्रमसाठी साधारण २.३ किलो सुया, ९०० ग्रॅम पुंगळ्या, ३.८ लिटर पाणी, दोन मोठे चमचे भांड्यांचा साबण आणि पाव लहान चमचा सायट्रिक ॲसिड. ॲसिड वाढवलं तर पितळ गुलाबी पडतं. मग साध्या पाण्याने भरपूर धुवा, एकही सुई आत राहिली नाही हे बघा आणि उन्हात पूर्ण वाळवा.

चकाकीच्या मोहाने अमोनिया असलेलं पॉलिश मात्र लावू नका. अमोनियाने पितळेला आतून तडे जातात. ब्रिटिशांच्या काळात भारतातल्या लष्करी काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. तबेल्यातल्या जनावरांच्या मुतातून हवेत मिसळणारा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण. त्याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला.

शिशाकडे दुर्लक्ष नको. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, त्याची राख पुंगळीत उरते आणि कोरड्या यंत्राच्या धुळीत मिसळते. म्हणून यंत्र स्वयंपाकघरात नको, मुलं खेळतात तिथेही नको. भुगा चाळायचा तो बाहेर, मास्क लावून. केरसुणी मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ओल्या पद्धतीचं गढूळ पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नका. काम झालं की हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, त्याआधी चहाचा कपही उचलू नका.

वाळलेल्या पुंगळ्या पन्नास-पन्नासच्या डब्यांत भरून वर चिठ्ठी लावा: कॅलिबर, कंपनी, किती वेळा वापरल्या.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत स्वतःपुरतं रीलोडिंग करायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायला लागतो, शिवाय राज्यांचे नियम वेगळे आहेत. भारतात चित्र पूर्ण उलटं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार काडतुसाचे भागही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. म्हणून पुण्या-मुंबईला सुट्टीवर येताना रेंजवरची बॅग, जॅकेट, अगदी बुटांच्या खाचाही तपासा. खिशात विसरलेली एक रिकामी पुंगळीही विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसते आणि मग चौकशी चुकत नाही. प्रवासाला रेंजची बॅग वापरूच नका.