लुअरने गरवायला सुरुवात: कोकणच्या किनाऱ्यावरून

गळाला कोळंबी लावून सोडली की तिचा वास पाण्यात पसरतो आणि मासा वासावर येतो. लुअर म्हणजे धातूचा, प्लास्टिकचा नाहीतर रबराचा नकली मासा. त्याला असा वास नाही. तो माशाला दिसला पाहिजे, नाहीतर त्याची थरथर तरी जाणवली पाहिजे. त्यामुळे टाकून वाट बघत बसायची सवय इथे उपयोगाची नाही. लुअर हलता ठेवायचा, आणि जिथे तो माशाला दिसेल अशाच पाण्यात टाकायचा. दुकानात जाण्याआधी घरातलं पंचांग उघडा.

पाणी आणि वेळ

भरतीचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अशा वेळांना मुंबईच्या आसपास पूर्ण भरती असते, दिवसातून दोनदा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात ताडून घ्या.

मुंबई-रायगडकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरने खालीवर होतं. एवढा ओढ तळाचा गाळ ढवळून काढतो आणि पाणी चहासारखं होतं. त्या भागात नवख्याने अष्टमी ते एकादशीच्या भांगाचे, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी असतो ते दिवस धरावेत. ओढ कमी, गाळ खाली, पाणी त्यातल्या त्यात निवळ. सिंधुदुर्ग-गोव्यात चढउतार दोन-सव्वादोन मीटरचाच आणि पाणी मुळात स्वच्छ. तिथे भांगाला पाणी मरगळलेलं राहतं, उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओढ बरा मिळतो. मुंबईच्या माणसाने सांगितलेला दिवस मालवणात जमत नाही तो याच कारणाने.

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला दीड तास, यातला काही भाग उजाडताना किंवा मावळताना येत असेल तर तो दिवस सोडू नका. भर पावसाळ्यात खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, जाऊच नका. खरा हंगाम ऑक्टोबरपासून पाणी निवळू लागलं की.

जागा

नुसती लांबलचक वाळूची पुळण म्हणजे बहुतेक रिकामं पाणी. मासा उभा राहतो तो जिथे काहीतरी बदलतं तिथे: खडप संपून वाळू सुरू होते ती कड, खाडीचं मुख, जेटीचे खांब, लाटा फुटून पांढरा फेस पसरतो त्याची किनार. खाडीच्या मुखाशी ओहोटी चांगली, कारण बारीक मासळी आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर वाहत येते आणि जिताडा, तांबोशी ओढाच्या कडेला दबा धरून असतात. पुळणीवर रावस, खडपाच्या टोकावर कोकर, गोबरा.

खडपावर पोचलात की लगेच रॉड जोडू नका. दहा-पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. दगड जिथवर ओला आहे तिथवर लाट येणारच, भले पंधरा मिनिटांत एकदाच येवो. समुद्राकडे पाठ करायची नाही. ओहोटीत चालत गेलेली वाट भरतीत बुडते, तेव्हा परतायची वेळ आधीच ठरवा. कालवांनी भरलेल्या दगडावर चप्पल म्हणजे तळपाय फाटायची हमी. जाड तळव्याचे, बंद बूट घाला. गुडघाभर पाण्यात चालताना पाय घासत टाका, म्हणजे वाळूत पडलेलं पाकट आधीच सरकतं. रापण ओढत असतील किंवा जाळी लावलेली असतील तिथे लुअर टाकू नका. मालवणच्या सागरी अभयारण्याचे नियम वेगळे आहेत, तिथे आधी चौकशी करा.

सामान

रॉड नऊ फुटांचा, दोन तुकड्यांचा, १५ ते ४० ग्रॅम वजन फेकणारा. त्याहून लांब रॉड दोन तास फेकून हात भरून येतो, आखूड असला तर लाटेच्या पलीकडे लुअर जात नाही. रीळ ४००० आकाराचं स्पिनिंग. त्यावर विणलेली ब्रेडेड दोरी, जाडीचा आकडा पीई १.५ ते २, म्हणजे साधारण तीस पौंडांची, दीडशे-दोनशे मीटर. ती थेट रीळवर गुंडाळली तर ताणाखाली अख्खी गुंडाळी फिरते आणि ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रीळचा ब्रेक) बिघडलाय असं वाटतं. म्हणून तळाला आधी पाच-सात मीटर साधा तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) गुंडाळा. रीळ काठाला दोन मिलिमीटर राहतील एवढंच भरा. जास्त भरलं तर वेटोळी सुटून गुंता होतो.

पुढे लीडर, म्हणजे दोरी आणि लुअर यांच्यामधला जाड तुकडा: चाळीस पौंडांचा तंगूस किंवा फ्लुरोकार्बन, सव्वा ते दीड मीटर. ब्रेडेड दोरी ताणाला चिवट, पण दगडाला घासली की सुतासारखी तुटते. जिताड्याला टोकदार दात नसले तरी त्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं. तारेचा लीडर मात्र टोळ किंवा सुरमई वारंवार कापत असेल तेव्हाच. तारेने लुअरची चाल बिघडते.

लुअर चारच घ्या. २८ ते ३० ग्रॅमचा चंदेरी स्पून, म्हणजे चमच्यासारखा धातूचा पत्रा, लांब फेकीसाठी. बारा सेंटीमीटरचा, फूट-दोन फूट बुडणारा मिन्नो, म्हणजे लांबट, कडक नकली मासा. चार इंची रबरी मासा, पंधरा ग्रॅमच्या जिग-हेडवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळावर. आणि एक पॉपर, म्हणजे वरवर तरंगत पाणी उडवणारा लुअर, पहाटेच्या शांत पाण्यासाठी. रबरी मासे पाच-सहा जास्त ठेवा, केंड मासा शेपट्या कुरतडून नेतो. रंगाचा फार घोळ घालू नका: गढूळ पाण्यात सोनेरी किंवा भडक पोपटी, निवळ पाण्यात चंदेरी.

गाठ

सुरुवातीला डबल युनी ही गाठ शिका. ब्रेडेड दोरी आणि लीडर टोकं विरुद्ध दिशांना करून वीस सेंटीमीटर एकमेकांना समांतर ठेवा. ब्रेडेडचं टोक मागे वळवून फासा करा, फाशातून दोन्ही दोऱ्यांभोवती आठ वेढे द्या आणि ओढा. लीडरच्या टोकाने तसेच चार वेढे. मग थुंकीने गाठी ओल्या करून दोन्ही मुख्य दोऱ्या हळूहळू ओढा, म्हणजे गाठी सरकत एकमेकींना भिडतील. कोरडी ओढलेली गाठ घर्षणाने तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होतो. लीडरच्या दुसऱ्या टोकाला छोटा मजबूत स्नॅप (उघडमिटीची कडी), लुअर बदलायला.

ड्रॅग वजनाच्या लटकत्या काट्यावर मोजून तीन-साडेतीन किलोला लावा. दोरीच्या ताकदीचा तो चौथा हिस्सा होतो. हाताच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग जवळजवळ नेहमीच जास्त घट्ट असतो.

फेकणं आणि फिरवणं

लुअर रॉडच्या टोकापासून अर्धा मीटर लोंबता ठेवा, दोरी तर्जनीवर घ्या, बेलची (रीळवर दोरी अडवून धरणारी) तार उघडा, मागे माणूस आहे का ते बघा. मग रॉड डोक्यावरून पुढे आणा आणि तो समोर आला की बोट सोडा. लुअर उंच जाऊन जवळच पडला तर बोट लवकर सुटलं. समोर पाण्यावर आपटला तर उशिरा. लुअर पाण्याला टेकताच बेल हाताने बंद करा आणि दोरी एकदा हाताने ताणून घ्या. हँडल फिरवून बेल पाडली की सैल वेटोळं रीळवर बसतं आणि पुढच्या फेकीला गाठींचा पुंजका बाहेर येतो. वारा आडवा असेल तर रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा.

स्पून एकसारख्या गतीने ओढा. चार-पाच फेकी रिकाम्या गेल्या की पुढच्या फेकीला पाच आकडे मोजेपर्यंत बुडू द्या, मग दहा. मिन्नो दोन-तीन वेढे ओढा आणि क्षणभर थांबवा. जिताडा बऱ्याचदा त्या थांबण्यातच घेतो. रबरी मासा रॉडने उचला आणि दोरी ताठ ठेवून खाली जाऊ द्या. टिचकी त्या पडतानाच येते. दोरी सैल असेल तर ती कळतही नाही. पॉपरवर पाणी उसळलेलं दिसलं म्हणून लगेच हिसका देऊ नका, हाताला वजन लागू द्या. एका जागी पंधरा-वीस फेकी पंख्यासारख्या पसरून टाका, काही झालं नाही तर तीस पावलं सरका.

लुअर दगडात अडकला तर रॉड वाकवून खेचू नका, रॉड टोकाशी मोडतो. रॉड सरळ लुअरकडे रोखा, दोरी लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा आणि मागे चाला. उघड्या हाताला गुंडाळलेली ब्रेडेड दोरी बोट कापते.

मासा लागल्यावर

रॉड उंच, पण सरळ आकाशाकडे नाही. तो पळतो तेव्हा पळू द्या, थांबला की ओढा. शेवटी लाटेचा उपयोग करा: येणाऱ्या लाटेबरोबर त्याला वर घ्या, परतणाऱ्या लाटेत नुसतं धरून ठेवा. लीडर पकडून उचलू नका. गळ लांब नाकाच्या पक्कडीनेच काढायचे. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणी पात्यासारखी धारदार असते. शिंगाळ्याचे काटे विषारी. लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टरकडे जा.

जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी. ती सोडायची असेल तर तिहेरी गळांच्या उलट्या काट्या पक्कडीने आधीच दाबून ठेवा. त्या दाबलेल्या असतील तर तुमच्या बोटात घुसलेला गळही सहज निघतो.

घरी आल्यावर

ड्रॅग घट्ट करून रीळ हलक्या धारेखाली धुवा. जोरदार फवारा मीठ आतच ढकलतो. मग ड्रॅग सैल करून ठेवा. दोरीचा पहिला मीटरभर भाग नखावरून ओढून बघा, खरखर लागली तर कापून गाठ नव्याने मारा. लुअर धुऊन उघड्यावर सुकवा आणि मगच डबीत ठेवा. एक ओला गळ आठवड्यात डबीतले बाकीचे सगळे गंजवतो.