क्विअर मुलासाठी नाशिकमध्ये कॅथलिक शाळा शोधताना

नाशिकला नव्याने आलात, शाळा कॅथलिकच हवी आहे, आणि मूल समलिंगी किंवा ट्रान्स आहे, किंवा अजून स्वतःलाच चाचपडत आहे, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी मूळची वसईची. नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिक रोडला आले आणि इथलीच झाले. माझा थोरला समलिंगी आहे. त्याला विचारूनच हे लिहितेय.

'आमच्याकडे एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांचं स्वागत आहे' अशी पाटी शोधत फिरू नका. आपल्या शाळांमध्ये हे स्वागत माणसांवर अवलंबून असतं. एखाद्या सिस्टर, एखादे वर्गशिक्षक, एखाद्या समुपदेशक मॅडम. आणि सिस्टर-फादरांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात. म्हणून चांगली माणसं शोधायचीच, पण ती गेल्यावर मागे काय उरेल हेही बघून ठेवायचं.

आधी घर कुठे घेताय ते ठरवा. नाशिक रोड स्टेशन ते सीबीएस, म्हणजे शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक, हे अंतरच नऊ-दहा किलोमीटरचं आहे. नाशिक रोड, जेल रोड, देवळाली कॅम्प या पट्ट्यात कॅथलिक वस्ती जुनी आहे. बाल येशूचं तीर्थस्थानही इथेच, फेब्रुवारीतल्या यात्रेला लांबलांबून माणसं येतात. साहजिकच नव्या कुटुंबाला इथे लवकर आपलंसं वाटतं. पण एका गोष्टीचा विचार करा. तुमचा धर्मग्राम (पॅरिश) आणि मुलाची शाळा एकाच आवारात असेल, तर रविवारी मिस्साला भेटणारीच माणसं पालकसभेत भेटणार. शाळेत सांगितलेली गोष्ट चर्चच्या पायऱ्यांवर पोचायला वेळ लागत नाही. काही मुलांना याचा आधार वाटतो, काहींचा जीव गुदमरतो. आमच्या मुलाला दुसऱ्या धर्मग्रामातली शाळा मानवली. रोजच्या व्हॅनचा खर्च वाढला, पण त्याला मोकळं वाटलं.

नावात 'सेंट' आहे म्हणून शाळा कॅथलिक असते असं नाही. खासगी ट्रस्टच्या शाळांनाही संतांची नावं असतात. देवळालीचं बार्न्स १९२५ पासूनचं, पण ते अँग्लिकन परंपरेतलं. शरणपूरची जुनी ख्रिस्ती वसाहत १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, तीही प्रोटेस्टंट. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवरच विचारा, शाळा चालवतं कोण? नाशिक धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा डायोसिस, जो १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, की फादर-सिस्टरांचा एखादा धर्मसंघ? नाशिक रोडचं सेंट झेवियर्स जेझुइट संघाच्या फादरांचं आहे, आणि कॅथलिक कॉन्व्हेंट म्हटलं की त्यामागे सिस्टरांचा एखादा संघ असतो. याने फरक पडतो. पुढे मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही, तर धर्मप्रांताच्या शाळेसाठी बिशप हाउसच्या शिक्षण विभागाकडे जायचं आणि संघाच्या शाळेसाठी त्यांच्या प्रोव्हिन्शियलकडे, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांकडे. चुकीच्या दारात गेलात तर नुसते हेलपाटे होतात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांच्या भरवशावरही राहू नका. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू होत नाही.

आता चर्चची भूमिका. मुख्याध्यापकांसमोर बसाल तेव्हा ती तुम्हाला नीट माहीत असायला हवी. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या, २३५७ व्या परिच्छेदात समलिंगी संबंधांना स्पष्ट नकार आहे. त्याच्या पुढचाच परिच्छेद, २३५८, सांगतो की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं, अन्याय्य भेदभावाची कुठलीही खूण टाळावी. पहिला परिच्छेद सगळ्यांना पाठ असतो, दुसरा तुम्ही बरोबर न्या. डिसेंबर २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू झालं, तेव्हा मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी माणसांना गुन्हेगार मानायला जाहीर विरोध केला होता. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही एका मुलाखतीत समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं सांगितलं. फादर-सिस्टरांशी बोलताना याचा उपयोग होतो, कारण त्यांच्याच घरातली ही गोष्ट आहे.

ट्रान्स मुलांच्या पालकांनी मात्र मनाची जास्त तयारी ठेवावी. व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाचं २०१९ चं पत्रक आणि एप्रिल २०२४ चं 'डिग्निटास इन्फिनिटा' हे व्हॅटिकनचंच घोषणापत्र, दोन्हींमध्ये लिंगबदलाच्या विचाराला विरोध आहे. आपल्या शाळांमधल्या प्रशिक्षणावर त्याची छाया असते. तरी माणसं दार उघडतात. २०१६ च्या डिसेंबरात कोचीत ट्रान्स व्यक्तींसाठी शिक्षणकेंद्र सुरू करायचं होतं आणि कोणीच जागा देत नव्हतं, तेव्हा जागा दिली ती कार्मेलच्या सिस्टरांनी. मी हे उदाहरण नेहमी सांगते, कारण ऐकणाऱ्या सिस्टरांच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो.

शाळा बघायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीच्या जरा आधी पोचा. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायला सांगतात, तेव्हा खुशाल बसा आणि मैदानाकडे बघा. एखाद्या हळव्या मुलाला बाकीचे 'बायल्या', 'छक्का' म्हणतात का? आणि तेव्हा जवळ उभे असलेले सर काय करतात? पीटीचे सर स्वतःच 'मुलीसारखा काय रडतोस' म्हणून ओरडत असतील, तर आत प्रिन्सिपल कितीही गोड बोलोत, तुमचं मूल रोज त्या सरांच्या तावडीत असणार आहे. शिपाईमावशींशी दोन शब्द बोला. शाळेत कोण कोणाला छळतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि त्यांची बदलीही होत नाही.

आत गेल्यावर पहिल्याच भेटीत 'माझा मुलगा गे आहे' असं सांगू नका. विचारा, 'सिस्टर, एखाद्या मुलाला बायल्या म्हणून चिडवलं तर तुमच्याकडे काय करतात?' उत्तर नीट ऐका. 'आमच्याकडे असं होतच नाही' म्हणणारी शाळा मला नको वाटते. 'मागच्या वर्षी झालं होतं, आम्ही दोन्ही मुलांच्या पालकांना बोलावलं, वर्गशिक्षकांनी पुढे लक्ष ठेवलं' असं सांगणारी शाळा चालेल. 'मुलालाच जरा सांभाळून राहायला सांगतो' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठा. त्यानंतर समुपदेशकांचं विचारा. त्या रोज येतात की आठवड्यातून एकदा? मुलाशी झालेलं बोलणं त्या प्रिन्सिपलना सांगतात का, पालकांना सांगतात का? बाहेरून येणाऱ्या वक्त्यांचंही विचारा. रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, कधी कधी असे प्रवचनकार येतात, जे समलिंगी असण्याला सैतानाचं काम ठरवतात, आणि पंधरा वर्षांचं पोर ते मान खाली घालून ऐकत बसतं. अशा वेळी मूल घरी राहिलं तर चालेल का, हे आधीच बोलून घ्या.

गणवेश, केस, शौचालय या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण मुलं शाळेचा धसका घेतात तो बहुतेकदा यांच्यामुळेच. स्कर्ट नको असलेल्या मुलीला पीटीचा ट्रॅकसूट रोज घालू देतील का? स्टाफचं किंवा सिकरूमचं बाथरूम एखाद्या मुलाला वापरता येईल का? गॅदरिंगमध्ये मुलांनी मुलांच्याच आणि मुलींनी मुलींच्याच नाचात उभं राहायची सक्ती आहे का? प्रश्न असे साधे ठेवलेत तर सिस्टरही मोकळेपणाने उत्तर देतात, सिद्धांताची चर्चा निघतच नाही. व्हॅनवाल्या काकांनाही भेटा. सगळ्यात जास्त चिडवाचिडवी मागच्या सीटवर होते.

कोणाला काय सांगायचं, हे मुलाने ठरवायचं. मूल तयार नसेल तर शाळेला काही सांगू नका, फक्त छळाबद्दल बोला. तयार असेल तर आधी एकाच व्यक्तीला सांगा, बहुतेकदा वर्गशिक्षकांना. हे पुढे कोणाला सांगणार असाल तर आधी आम्हाला विचारा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. मुलाला हेही समजावून द्या की पापनिवेदनात सांगितलेलं फादर कुठेच बोलू शकत नाहीत, पण त्याच फादरांना व्हरांड्यात सांगितलेल्या गोष्टीला ते बंधन नसतं.

कायदा भांडायला नाही, पण माहीत असावा. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा शिक्षणसंस्थांमधला भेदभाव मना करतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. त्या अधिकाऱ्याचं नाव शाळेकडे लेखी मागा. समलिंगी मुलांसाठी शाळांपुरता असा वेगळा कायदा नाही. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांत शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असं आहे, आणि एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायलाही सांगितलं आहे. राज्याच्या २०२२ च्या शासननिर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी सखी सावित्री समिती हवी, आणि तक्रारपेटी तर हवीच. पेटी कुठे आहे ते बघा. प्रिन्सिपलच्या केबिनसमोर लावलेल्या पेटीत कोणतं मूल चिठ्ठी टाकणार? ट्रान्स मुलाचं नाव कागदोपत्री बदलायचं असेल तर लवकर हालचाल करा, सीबीएसई आणि आयसीएसईची बोर्ड-नोंदणी नववीतच होते.

कोणीतरी भलं चिंतणारं माणूस तुम्हाला 'हे बरं करणाऱ्या' डॉक्टरांचं किंवा प्रार्थनागटाचं नाव सुचवेल. नम्रपणे नाही म्हणा. समलिंगी असणं हा आजार नाही हे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने स्पष्ट केलं आहे, आणि असा 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये ठरवलं. प्रार्थना आमच्याही घरात रोज होते. मुलाने जसा आहे तसा सुखाने जगावं, एवढंच आम्ही मागतो. मूल फार खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो, मराठीतही बोलतात. छळ हाताबाहेर गेला तर चाइल्डलाइनचा १०९८. मराठीतून सल्ला हवा असेल तर पुण्याच्या समपथिक ट्रस्टचं काम २००२ पासून आहे, आणि मुंबईत पालकांनीच उभा केलेला 'स्वीकार' हा गट आहे. पहिल्यांदा दुसऱ्या आईशी बोलले तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते कुठल्याही समुपदेशनात वाटलं नव्हतं. बाबांनाही घेऊन जा. आमच्याकडे बाबाच आधी बोलायला लागले.

शाळेशी जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवा: 'आज भेटीत आपण असं ठरवलं, काही चुकलं असल्यास कळवावे.' सूर गोड, मजकूर नेमका. वर्गशिक्षकांना प्रत द्या, कारण तेच मागे राहतात. सिस्टर-फादरांच्या बदल्या बहुधा मे-जूनमध्ये होतात, आणि नव्या मुख्याध्यापकांना तुमच्या मुलाबद्दल कोणी काही सांगितलेलं नसतं. शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात वेळ मागून घ्या, जुन्या ईमेलची प्रत हातात असू द्या, आणि वर्गशिक्षकांनाही त्या भेटीला बसायला सांगा.