चहाआधी सिनेमा, चहानंतर कॉमिक

कॉमिकवरून आलेल्या सिनेमावर गप्पा सुरू झाल्या की दहा मिनिटांत बैठकीत दोन तट पडतात. एकीकडे कॉमिक पाठ असलेले: "पुस्तकात हे असं नाहीच." दुसरीकडे फक्त सिनेमा पाहिलेले. या वाक्यावर त्यांना बोलायला काही उरत नाही. ते गप्प बसतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. बैठका बंद पडतात त्या बहुतेक याच कारणाने.

यावरचा उपाय चहाशी बांधलेला आहे. चहा येईपर्यंत कॉमिकचं नाव काढायचं नाही. सिनेमा पडद्यावर जसा दिसला तेवढ्यावरच बोलायचं. चहानंतर कॉमिकचं पान समोर ठेवायचं आणि त्या पानाला धरूनच बोलायचं. पहिल्या अर्ध्यात न वाचलेल्यांना तोंड उघडता येतं, दुसऱ्यात वाचलेल्यांना पुरावा द्यावा लागतो. बाकी सगळी तयारी या एका नियमाभोवती करायची.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा माणसं पुरे. पंधराच्या वर गेली की कोपऱ्याकोपऱ्यात दोघा-तिघांच्या वेगळ्या गप्पा सुरू होतात. रविवारी दुपारी साडेचारची वेळ गोव्यात सोयीची. सकाळ मासळीबाजारात, देवळात नाहीतर चर्चमध्ये जाते, जेवणानंतर वामकुक्षी कोणी सोडत नाही. साडेसहाला उठलं म्हणजे म्हापसा, फोंडा, मडगावच्या लोकांना बसही मिळते. पत्रक पाठवण्याआधी परतीच्या शेवटच्या कदंबाची (सरकारी बसची) वेळ बघून घ्या, रविवारी फेऱ्या कमी असू शकतात. जत्रेच्या दिवसांत गावातला कालो आणि नाटकाची रात्र टाळून तारीख धरा, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतात.

खोली स्लॅबची हवी. पत्र्याच्या छपराखाली जून-जुलैत पाऊस सुरू झाला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, देवळाचं छोटं सभागृह, काहीही चालेल. वर्गातले बाक ओळीत असतात, ते हलवून गोल करा. समोरासमोर तोंडं नसली की सगळे सूत्रधाराशीच बोलतात, एकमेकांशी नाही.

सिनेमा लागल्यावर आठ-दहा दिवसांनी बसा. थिएटरमधून बाहेर पडल्यापडल्या होते ती चर्चा नव्हे, तो नुसता उत्साह किंवा राग असतो. तीन आठवडे थांबलात तर प्रसंगांचा क्रम विसरायला होतो. आठ-दहा दिवसांत ज्यांना पाहायचा होता त्यांचा बहुधा पाहून झालेला असतो, त्यामुळे शेवट फोडल्याची भांडणंही टळतात. निमंत्रणातच लिहा: "शेवटासकट बोलणार. पाहिला नसेल तर मध्येच उठून गेलात तरी चालेल, पण कोणाला थांबवू नका."

एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. कोणाच्या तरी ओटीटी खात्यावरून सभागृहात प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवू नका. ती खाती घरगुती वापरासाठी असतात. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. प्रत्येकाने आपापला पाहून यायचं. कॉमिकचंही तेच: बैठकीपुरत्या दोन-चार पानांच्या झेरॉक्स काढा, अख्ख्या पुस्तकाच्या नकोत. पुस्तक वर्गणी काढून एक विकत घ्या आणि हातोहात फिरवा.

पाहून आल्यावर तीन ओळी

त्याच रात्री, कोणाचंही परीक्षण वाचायच्या किंवा ऐकायच्या आधी, तीन ओळी लिहायच्या: डोळ्यांसमोरून न हटणारं एक दृश्य, लक्षात राहिलेला एक आवाज, आणि पात्राने घेतलेला एक निर्णय जो पटला किंवा पटला नाही. एवढंच. परीक्षण आधी वाचलं की आपलं मत त्याच्या शब्दांत बोलू लागतं, आणि बारा माणसं बैठकीत एकाच माणसाचं मत मांडतात.

चौथी ओळ तांत्रिक: कुठल्या भाषेत पाहिला? गोव्यात एकच परदेशी सिनेमा एकाने मूळ इंग्रजीत पाहिलेला असतो, दुसऱ्याने हिंदी डबिंगमध्ये. डबिंगमध्ये विनोद बदलतात, ओठांच्या हालचालीत बसवण्यासाठी वाक्यं लांबवली किंवा तोडली जातात, कधी पात्राचा स्वभावच थोडा उथळ होतो. "नायक फार बडबड करतो" या तक्रारीचं मूळ पटकथेत आहे की डबिंगमध्ये, हे भाषा विचारल्याशिवाय कळत नाही.

पहिला अर्धा: सिनेमा

सूत्रधार एक नेमा, दर महिन्याला नवा. पहिली फेरी प्रत्येकी दोन मिनिटांची, मध्ये कोणी बोलायचं नाही. सुरुवात "मला आवडला" किंवा "भंगार आहे" अशी नको. आपल्या तीन ओळींपैकी एक वाचून सुरुवात करायची. पाचपैकी किती तारे हा प्रश्न या फेरीत बंद. आकडा सांगितला की माणूस पुढचा वेळ त्या आकड्याचा बचाव करण्यात घालवतो.

कोणी कॉमिककडे वळलाच तर सूत्रधाराने हसून थांबवायचं: "बाब, तें च्या उपरांत" (ते चहानंतर). वयाने मोठ्या सदस्यालाही हे सांगता आलं पाहिजे. म्हणून नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून मान्य करून घ्या.

सुपरहिरोच्या सिनेमावर हमखास येणारं वाक्य म्हणजे "व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्यं) वाईट होते." तिथे सोडू नका. कुठला प्रसंग? काय खटकलं? बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. पहिलं, उजेड: नटाच्या चेहऱ्यावर प्रकाश डावीकडून आणि मागच्या शहरात सूर्य उजवीकडे, म्हणजे दोन्ही वेगळं घेऊन नंतर जोडलं आणि प्रकाश जुळवायचा राहिला. दुसरं, वजन: दहा माळ्यांवरून उडी मारलेलं अवजड शरीर जमिनीवर टेकतं आणि धूळ उडत नाही, फरशी तडकत नाही, गुडघे वाकत नाहीत. डोळ्याला ते रबराचं वाटतं. तिसरं, कॅमेरा: खऱ्या कॅमेऱ्याला जमणार नाहीत अशा गिरक्या तो घेत सुटला की आपण प्रसंगातून बाहेर पडतो, जरी प्रत्येक चित्र निर्दोष असलं तरी. इतकं बोलता आलं की तक्रार ही समीक्षा होते, आणि शेजारचा माणूस पुढचा सिनेमा वेगळ्या नजरेने बघतो.

साडेपाचला चहा. बटाटवडे किंवा बन्स असले तर बरं, पण हात तेलकट होणार, आणि पुढे पुस्तक हाताळायचं आहे. कागदी रुमाल ठेवा.

दुसरा अर्धा: पान आणि पडदा

खरी मजा इथे आहे, म्हणून याला पूर्ण तास द्या.

सिनेमातला एकच प्रसंग निवडा, जो कॉमिकमध्येही आहे. त्याच्या दोन ते चार पानांच्या झेरॉक्स, दोघांत एक. आधी न वाचता नुसत्या चौकटी मोजा. मग चौकटींमधल्या पांढऱ्या फटींवर बोट ठेवा. पहिल्या चौकटीत हात उगारलेला, दुसऱ्यात माणूस खाली पडलेला. फटका कुठेच काढलेला नाही, तो वाचकाने मनात मारला. सिनेमात तो दाखवावा लागतो किंवा कट करून लपवावा लागतो. कॉमिकमधली सूचक हिंसा पडद्यावर अंगावर येते ती पुष्कळदा याच फटीमुळे: कल्पनेवर सोडलेली जागा कॅमेऱ्याने भरून टाकलेली असते.

नंतर वेळ. एकाने मोबाईलवर स्टॉपवॉच लावून ती पानं आपल्या गतीने वाचायची. सिनेमातला तोच प्रसंग किती मिनिटांचा वाटला हे आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर दोन्ही शेजारी ठेवा. कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो, एखाद्या चौकटीवर तो मिनिटभर रेंगाळू शकतो. पडद्यावर तो दिग्दर्शकाच्या हातात असतो. मोठी, पानभर पसरलेली चौकट म्हणजे थांबायची खूण. दिग्दर्शकाने ती कशाने भरून काढली, शांततेने, लांबवलेल्या शॉटने की संगीताने? उत्तर "काहीच केलं नाही" असं निघालं, तर "पुस्तकातला परिणाम आला नाही" या तक्रारीला पाया मिळाला.

मग फळ्यावर चार रकाने आखा: राखलं, गाळलं, जोडलं, हलवलं. चौथा रकाना लोक विसरतात, पण प्रसंगाची जागा बदलली की त्याचा अर्थही बदलतो. प्रत्येक नोंदीपुढे "का" लिहायचंच.

मोठ्यांच्या बैठकीसाठी 'वॉचमेन' हे उदाहरण फार उपयोगी पडतं. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं हे कॉमिक १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आलं. त्यातली बरीच पानं तीन गुणिले तीन अशा नऊ सारख्या चौकटींची आहेत, घड्याळाच्या ठोक्यासारखी. २००९ चा सिनेमा थिएटरमध्ये १६२ मिनिटांचा होता. चौकटी अनेक ठिकाणी जशाच्या तशा उभ्या केल्या, पण शेवटची आपत्ती बदलली: कॉमिकमध्ये राक्षसी परका जीव आहे, सिनेमात दोष एका मुख्य पात्रावर ढकलला जातो. आता विचारा: त्या जीवाची तयारी कॉमिकमध्ये किती अंक चालते? ती गाळल्यावर नुसता जीव शेवटी आणला असता तर पटला असता का? इथे बैठक "बदल चांगला की वाईट" यावरून "या बदलाने आणखी काय काय बदलावं लागलं" इकडे सरकते.

याच्या उलट टोकाला २०१८ चा 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. जंगलात झोके घेण्याच्या प्रसंगात जुना, सरावलेला स्पायडर-मॅन पीटर प्रत्येक फ्रेमला नव्या चित्रात आहे, तर शिकाऊ स्पायडर-मॅन माइल्सचं एकेक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलंय. म्हणून तो अडखळत हलतो. पुढे तो तयार होतो तशी त्याची हालचाल सफाईदार होते. शिवाय छपाईचे ठिपके आणि विचारांच्या चौकटी थेट पडद्यावर येतात. कथा कितीही बदलली तरी कॉमिकचा पोत राखता येतो, हे यातून दाखवता येतं. मुलांनाही हे लगेच कळतं.

"मूळ" म्हणजे कुठलं?

हा वाद आला की तो दाबू नका, पण तारखा घेऊन बसा. १९३८ साली ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅन उडत नव्हता, तो लांब उडी मारायचा, सुमारे २०० मीटरची. उडणं नंतर आलं. मग उडणारा सुपरमॅन मुळाशी बेइमानी म्हणायचा का?

साठीच्या पुढच्या सदस्यांना या ठिकाणी बोलतं करा. त्यांनी वेताळ (इंग्रजीतला फँटम) मराठीतून वाचलेला असतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली ती वेताळाच्या गोष्टींनीच, आणि १९९० पर्यंत चालली. इंग्रजीतल्या त्याच्या देशाचं नाव बंगालच्या फार जवळचं होतं, म्हणून भारतीय आवृत्तीत ते डेंकाली झालं. म्हणजे आपण ज्याला मूळ समजून जपलं तेही रूपांतरच होतं, आणि तरीही ते आपलं होतं. घरी जुने अंक असतील तर आणायला सांगा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि हातोहात न फिरवता टेबलावर ठेवून बघा. पावसाळ्यात आपल्याकडे जुन्या कागदाला बुरशी चटकन धरते आणि मधल्या पिना गंजून पान सुटतं.

ज्यांनी कॉमिक कधी वाचलंच नाही

त्यांच्यासाठी गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचं गर्दीचं एखादं चित्र घ्या, बाजाराचं किंवा लग्नाचं. प्रत्येकाने दोन मिनिटं बघून सांगायचं: डोळा आधी कुठे गेला, मग कुठे? मग विचारा, याचा सिनेमा करायचा तर एकाच रुंद शॉटमध्ये घ्याल की दहा तुकड्यांत? रुंद शॉट घेतला तर कोपऱ्यातलं कुत्रं कोणाला दिसणार नाही. तुकडे केले तर गर्दीची एकत्र गंमत गेली. पाच मिनिटांत रूपांतराची अडचण हातात येते, आणि त्यासाठी सुपरहिरो माहीत असावा लागत नाही.

उरलेलं

मुलं येणार असतील तर सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. आता यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायचे) मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे टप्पे असतात. कॉमिक म्हणजे मुलांचं हा समज ठेवून निवड केलीत तर पालकांची तक्रार येणार आणि ती रास्त असेल.

नोव्हेंबरात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत बैठक ठेवू नका. दिवसाला चार-पाच सिनेमे बघणाऱ्याच्या डोक्यात सगळी दृश्यं एकमेकांत मिसळतात. तीन ओळींचं टाचण मात्र तेव्हाच सर्वांत जास्त लागतं, पुढच्या खेळाच्या रांगेत उभं राहूनच लिहून टाकायचं. डिसेंबरच्या बैठकीत त्यातून एक सिनेमा काढा.

टिपण त्याच रात्री लिहा, एका पानात. मराठीत लिहिलं तरी कोणी कोकणीत बोललं असेल तर ते वाक्य तसंच ठेवा. "म्हाका पटलें ना" यातला ठामपणा भाषांतरात राहत नाही. फळ्यावरच्या चार रकान्यांचा फोटो टिपणाला जोडा, आणि पुढच्या सिनेमाची निवड उठण्याआधी चिठ्ठ्या टाकून करा. फोनवर विचारत बसलात तर पुस्तक फिरवायला दोन आठवडेही उरत नाहीत.